फ्लास्क चारच का, आणि ते पुरवायचे कसे

प्रश्न असा होता: एल्डन रिंग हा आयुष्यातला पहिलाच असला अवघड गेम, मार्गिट या काठीवाल्या बॉसजवळ तीन दिवस अडकलोय, चारही फ्लास्क, म्हणजे औषधाच्या बाटल्या, लाल म्हणजे हेल्थ भरणाऱ्या करून ठेवल्यात तरी तो हातोडा काढेपर्यंत संपतात, एवढं कमी हीलिंग देऊन गेम मुद्दाम छळतोय का, पीसीवर अनलिमिटेड फ्लास्कचा मॉड, म्हणजे गेम बदलणारी फाइल, टाकू का, आणि सगळे नुसतं ‘गिट गुड’ (आधी नीट खेळायला शिक) म्हणतात म्हणजे नेमकं करायचं काय.

भावा, मी २०११ च्या डार्क सोल्सपासून हे गेम खेळतोय आणि मधली सहा वर्षं पुण्यात एक छोटा गेमिंग झोन चालवला, चार कन्सोल, चार टीव्ही, तासावर पैसे. स्वतः खेळून जेवढं शिकलो त्याच्यापेक्षा जास्त दुसऱ्यांच्या खुर्चीमागे उभं राहून शिकलो, कारण खेळणाऱ्याला आपले डोळे कुठे लागलेत आणि अंगठा कधी घाबरला ते कळत नाही, मागे उभ्या असलेल्याला पाच मिनिटांत कळतं. त्यामुळे जे सांगतोय ते बरंचसं तिथलं बघितलेलं आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. तुझे चार फ्लास्क कशाकशावर खर्च झाले हे तुला आत्ता विचारलं तर सांगता येणार नाही, आणि ज्या दिवशी सांगता येईल त्याच्या आसपास मार्गिट पडेल. बाकी सगळं त्याच्या पुढे-मागे आहे.

आधी कमी का देतात ते बघ, म्हणजे चीड जरा कमी होईल. २००९ ला याच कंपनीचा डीमन्स सोल्स आला त्यात हील करायला गवत होतं, चंद्राच्या नावाचं, आणि एकेका प्रकारचं ९९ पर्यंत खिशात ठेवता यायचं. शत्रू मारून किंवा विकत घेऊन गवत जमवायचं आणि मग बॉससमोर चरत उभं राहायचं, असं खूप जण खेळायचे. आता विचार कर, बॉस बनवणाऱ्याने कुठल्या माणसासाठी बनवायचा? एकाकडे गवताच्या सहा काड्या आहेत आणि दुसऱ्याकडे तीनशे. दुसऱ्याला धोका वाटावा असा बॉस केला तर पहिला मेलाच. म्हणून दोन वर्षांनी डार्क सोल्समध्ये त्यांनी एस्टस फ्लास्क आणला, बोनफायरला, म्हणजे विसाव्याच्या शेकोटीपाशी, बसलं की ५ घोट भरून मिळणार, बोनफायर पेटवत नेलं तर १०, पुढे अजून जास्त, पण बसलं की मारलेले शत्रूही परत उभे. आता बनवणाऱ्याला माहीत आहे की हा माणूस या दाराशी साधारण किती घोट घेऊन येणार. त्या आकड्यावर रस्त्यातला प्रत्येक शत्रू, प्रत्येक वळण बसवता येतं.

त्याच २०११ मध्ये स्कायरिम आला होता, त्यात मारामारी चालू असताना मेनू उघडला की वेळ थांबतो आणि तू चीजचे गोळे, सफरचंदं, सूप सगळं एका दमात खाऊन हेल्थ फुल करून बाहेर येऊ शकतोस. तो गेम फिरायचा आहे, गोष्टी शोधायचा आहे, तिथे ते चालतं. पण तेच मार्गिटला लावून बघ. तू काठीचा मार खाणार, पिणार, परत मार खाणार, पिणार. मग त्याच्या कुठल्याच माराला अर्थ उरत नाही, एक सोडून, जो एका फटक्यात मारतो तो. अनलिमिटेड हीलिंग दिलं की बनवणाऱ्याच्या हातात तेवढंच हत्यार राहतं. म्हणजे फ्लास्क कमी आहेत म्हणूनच तुला तीन-चार चुका माफ आहेत. मॉडचं उत्तर यातच आलं. स्वतःचा गेम आहे, ऑफलाइन टाकलास तर कुणाचं काही जात नाही, पण मार्गिटनंतर पुढच्या किल्ल्यात गॉड्रिक हा मोठा बॉस आहे आणि त्याच्यापुढे तू आज आहेस तसाच जाशील.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. मोजके फ्लास्क दिले की माणूस आपोआप शिकतो असं जे बोलतात ते खरं नाही. मी असे खेळाडू बघितलेत जे दोन महिने त्याच बॉसवर तीच चूक करत होते, फ्लास्क मोजकेच होते की. फ्लास्क संपतो तेव्हा काहीतरी चुकलंय एवढं कळतं, काय चुकलं ते तुला शोधायला लागतं, आणि ते शोधायची सवय कुणी लावत नाही म्हणून ‘गिट गुड’ ऐकून डोकं फिरतं.

आता काय करायचं ते. झोनवर एक डिप्लोमाचा मुलगा यायचा, कॉलेज सुटलं की बॅग घेऊन थेट, डार्क सोल्स ३ खेळायचा आणि गंडिरवर अडकलेला, म्हणजे अगदी पहिल्या बॉसवर. हातात तीनच फ्लास्क. रोज एक तास घ्यायचा आणि तासभर मरायचा, तोंडाने काही बोलायचा नाही, फक्त कान लाल व्हायचे. एके दिवशी त्याच्याकडे बिलबुकाच्या मागचा कोरा कागद आणि पेन दिलं, म्हटलं प्रत्येक वेळी फ्लास्क प्यायलास की मेल्यावर इथे लिही, कुठल्या मारामुळे प्यायला लागला. पहिल्या दोन ट्रायला त्याला लिहिताच येईना. ‘जोरात मारलं’ असं लिहिलं. म्हटलं जोरात सगळंच मारतो, भाला कुठून आला, वरून की आडवा, तू तेव्हा मारत होतास का पळत होतास. चौथ्या-पाचव्या ट्रायपासून लिहायला लागला, ‘आडवा, मी तिसरा वार करत होतो’, ‘आडवा, मी तिसरा वार करत होतो’, मग एकदा ‘उडी, मागे रोल केला’ (रोल म्हणजे लोळण घेऊन मार चुकवणं), मग परत ‘आडवा, तिसरा वार’. दहाव्या ट्रायला कागद माझ्यासमोर धरला आणि स्वतःच म्हणाला, दादा मी दोनच मारायला पाहिजेत. बास. मी काहीच शिकवलं नव्हतं. त्या दिवशी नाही, पण दुसऱ्या दिवशी गंडिर पडला आणि एक फ्लास्क शिल्लक होता.

तू पण हेच कर. मोबाइलवर नोट उघड, प्रत्येक फ्लास्कला एक ओळ, दोन गोष्टी लिहायच्या, मार कुठला होता आणि त्या क्षणी तू काय करत होतास. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. लोक पहिली लिहितात आणि दुसरी सोडतात, मग यादी बॉसच्या कौतुकाची होते. आणि ट्राय संपल्या संपल्या लिही, लगेच परत दारातून आत पळू नकोस, तेवढ्या अर्ध्या मिनिटात हातही शांत होतो. दहा ट्रायनंतर वाचशील तेव्हा दिसेल की चाळीस वेगवेगळ्या चुका नाहीयेत, दोन किंवा तीन आहेत आणि त्याच परत परत आहेत.

मार्गिटच्या बाबतीत पहिली कुठली निघेल ते मी आत्ताच सांगतो. तो काठी वर उचलतो आणि तशीच धरून ठेवतो. हात वर गेला की आपला अंगठा दबतो, रोल होतो, रोल संपून आपण उभे राहतो आणि तेव्हा काठी खाली येते. सगळ्यांना लागते ती. आधीच्या गेममध्ये हात वर गेला की मार आला एवढं डोक्यात बसलेलं असतं आणि बनवणाऱ्याने नेमकी तीच सवय पकडलीय. उपाय सांगायला सोपा आहे, हात वर जाताना काही करायचं नाही, काठी खाली यायला सुरुवात झाली की रोल. अंगवळणी पडायला वेळ लागतो कारण थांबणं हे दाबण्यापेक्षा अवघड आहे. त्यात अजून एक बारीक गोष्ट, एल्डन रिंगमध्ये रोल बटण दाबल्यावर होत नाही, सोडल्यावर होतो, कारण तेच बटण धरून ठेवलं की पळायचं असतं. घाबरलेला माणूस बटण दाबून धरतो, मग रोल उशिरा होतो आणि त्याला वाटतं गेमने दगा दिला. टिचकी मारल्यासारखं दाबायचं आणि सोडायचं. झोनवर ही एक गोष्ट सांगून कितीतरी जणांचे रोल सुधारले.

आणि रोल मागे करू नकोस. काठी लांब आहे, मागे गेलास तर टोक लागतं, शिवाय त्याच्या पुढच्या माराच्या बरोबर समोर उभा राहतोस. त्याच्याकडे, किंचित बाजूने, काखेतून गेल्यासारखा रोल कर. पहिल्यांदा जिवावर येतं, पण तिथे जाऊन उभा राहिलास की तो वळेपर्यंत तुला एक वार तरी नक्की मिळतो.

दुसरी चूक पिण्याची. आता हे नीट वाच, कारण फ्लास्क वाया जातात ते इथेच. फ्लास्क पिणं हा एक वार आहे असं समज. त्याला वेळ लागतो, त्या वेळात तू रोल करू शकत नाहीस, आणि तो वेळ बॉसकडून मिळवायला लागतो. बॉसचा कॉम्बो, म्हणजे सलग वारांची मालिका, संपून तो सावरतोय तेवढ्या फटीत तू एकतर मारू शकतोस किंवा पिऊ शकतोस, दोन्ही नाही. पण आपण करतो काय, मार खाल्ला की हेल्थ बार अर्धा झालेला दिसतो, पोटात गोळा येतो आणि तिथल्या तिथे हीलचं बटण. बॉसचा कॉम्बो तर अजून चालूच आहे. मग पितापिता दुसरा फटका, जेवढं भरलं तेवढं गेलं, एक फ्लास्क कमी झाला आणि हेल्थ पहिल्यापेक्षा खाली. माझ्या बघण्यात पहिल्या फटक्याने फार कमी लोक मरतात, त्याच्या पाठोपाठच्या घाईने मरतात. मार लागला की आधी एक रोल, मग बॉसकडे बघ, तो कुठल्या माराच्या मध्यावर आहे ते ओळख, तो मार संपू दे, मग पी. दीड-दोन सेकंद अर्ध्या हेल्थवर उभं राहायची हिंमत पाहिजे फक्त.

लांब पळून प्यायलाही अर्थ नाही. मार्गिटपासून लांब जाऊन प्यायलास तर तो उजेडाच्या सुऱ्या फेकतो, तुझ्या लक्षात आलंच असेल. गॉडस्किन म्हणून पुढे बॉस मंडळी भेटतील ती तू बाटली तोंडाला लावली की आगीचा गोळा टाकतात. सेकिरो या गेममध्ये गेनिचिरो या बॉसपासून लांब सरकलास की तो धनुष्य काढतो. यांना लांबचा पिणारा माणूस आवडत नाही असंच बनवलंय. त्यामुळे सुरक्षित जागा बॉसच्या जवळ असते, मोठा मार जमिनीवर आपटून तो उठतोय तेव्हा. मार्गिट हवेत उडी मारून आपटतो ना, त्या आपटण्यातून तू बाजूने निघालास की पिण्याएवढा वेळ आरामात मिळतो. ती उडी ही तुझी फ्लास्कची जागा समज. हातोडा आल्यावरही तशी जागा मिळते, उलट मोठी मिळते.

आणि बटण एकदाच दाब. या गेममध्ये दाबलेलं बटण पुढच्या क्षणासाठी लक्षात ठेवलं जातं, घाबरून दोनदा दाबलं तर एक घोट संपल्यावर तो दुसरा घोट आपोआप घेतो, एक फ्लास्क फुकट गेला आणि त्या दुसऱ्या घोटात मार खाल्ला तो वेगळा. ‘माझे चार होते, दोनच प्यायलो, संपले कसे’ म्हणणारे सगळे हेच करत असतात.

कधी प्यायचं हा पण हिशोब आहे. सुरुवातीचा लाल फ्लास्क २५० एचपी, म्हणजे हेल्थचे पॉइंट, भरतो. तुझे शंभर गेलेत आणि तू प्यायलास तर दीडशे मातीत गेले. उलट बॉसचा एक साधा मार किती घेतो ते तुला दोन-तीन ट्रायमध्ये कळतं, तर नियम एवढाच ठेव की अजून एक मार सोसवणार असेल तर पिऊ नकोस, सोसवणार नसेल तर पुढच्या फटीत वार सोड आणि पी. अर्धा बार झाला की प्यायचं ही सवय लोकांना कुठून लागते माहीत नाही पण ती मोडायला लागते. आम्ही लहानपणी पार्लरमध्ये एक रुपयाचं नाणं टाकून मुस्तफा खेळायचो, म्हणजे १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, त्यात ड्रम फोडला की खाणं पडायचं आणि मोठी पोरं ओरडायची, तुझी फुल आहे, खाऊ नको, त्याला खाऊ दे. एका रुपयात शेवटपर्यंत जायचं असेल तर खाणं मोजूनच खायला लागायचं, तिथे कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

डोळ्यांचं सांगायचं राहिलं. मागे उभं राहून सगळ्यात आधी हेच दिसतं. नवीन माणूस दर दोन सेकंदांनी डावीकडे वर स्वतःच्या हेल्थकडे बघतो, तिथून खाली फ्लास्कच्या आकड्याकडे, आणि मार्गिटचा हात वर गेला तो क्षण त्याने बघितलेलाच नसतो. जुना माणूस बॉसच्या खांद्याकडे बघतो. हत्याराकडे पण नाही, खांदा, कारण मार तिथून सुरू होतो. स्वतःची हेल्थ तो फक्त फटीत बघतो, जेव्हा मारू का पिऊ ठरवायचं असतं तेव्हा. हे सुधारायला एक सराव आहे आणि तो मी जवळपास प्रत्येकाला करायला लावायचो. पाच ट्राय असे घे की ज्यात मारायचं नाही आणि प्यायचंही नाही. फ्लास्क क्विक स्लॉटमधून, म्हणजे एका बटणावर वापरायच्या वस्तूंच्या जागेतून, काढूनच टाक. आत जा, मार्गिटच्या जवळ राहा, जेवढं जगता येईल तेवढं जग. जिंकायचं नाहीये हे आधीच ठरलं की हात मोकळे होतात. पहिल्यांदा दहा सेकंद जगशील, पाचव्यांदा मिनिटभर. त्या मिनिटात त्याच्या मारांना तू स्वतःची नावं ठेवायला लागशील, ठेव, ‘लांबची काठी’, ‘सुरी’, ‘शेपूट’, काहीही, नाव दिलेला मार ओळखायला सोपा जातो. मग पुढचे पाच ट्राय प्रत्येक फटीत एकच वार, जास्त मिळत असला तरी एकच. आणि मग फ्लास्क परत आत आण.

एक गमतीची गोष्ट तुझ्याही लक्षात आली असेल, शेवटचा फ्लास्क संपला की माणूस अचानक बरा खेळायला लागतो. झोनवर हे इतक्या वेळा बघितलंय की मी वाटच बघायचो. कारण डोक्यातला एक विचार बंद होतो, आता पिऊ का, आता पिऊ का, तो. सगळं लक्ष समोर. रिकाम्या स्लॉटने सराव करायचा तो त्यासाठीच, तशा डोक्याने फ्लास्क असतानाही खेळता यावं म्हणून.

आता थोडं साहित्याबद्दल, कारण सगळंच हातावर ढकलणं पण चूक आहे. तू कदाचित थेट मार्गिटकडे आला असशील, ग्रेसचा, म्हणजे विसाव्याच्या जागेचा, उजेड तिकडेच बोट दाखवतो म्हणून. त्याला सोड आणि खाली दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुलामध्ये जा, तिथे तीन चर्चमध्ये तीन सेक्रेड टियर आहेत, कॅलू, पिलग्रिमेज आणि मारिकाचं चौथं चर्च, आणि लिमग्रेव्ह या सुरुवातीच्या भागातल्या मारिकाच्या तिसऱ्या चर्चमध्ये अजून एक. टियरने प्रत्येक घोट जास्त भरतो. रस्त्यात सोन्यासारखं चमकणारं छोटं झाड दिसलं तर त्याच्या बुडाशी गोल्डन सीड असतं, त्याने फ्लास्क वाढतात, शेवटी १४ पर्यंत जातात. चर्च ऑफ एलेमध्ये ऐरण आहे तिथे हत्यार +३ पर्यंत वाढतं, तेवढं करूनच जा, कारण बॉस लवकर पडला तर कमी मार खायला मिळतात, हा पण फ्लास्क वाचवण्याचाच प्रकार आहे. आणि व्हिगर, म्हणजे हेल्थ वाढवणारा गुण. सगळे नवीन लोक लेव्हल स्ट्रेंग्थमध्ये, म्हणजे ताकदीत, घालतात आणि व्हिगर दहा-बारावर ठेवतात. तुझा वीसच्या आत असेल तर आधी तो वर ने, पुढे गेम वाढेल तसा ४० पर्यंत, तिथे १४५० एचपी होतात. दोन फटक्यांत मरणाऱ्याला फ्लास्क प्यायची वेळच येत नाही, चार असोत नाहीतर चौदा.

लांडग्यांची अ‍ॅश, म्हणजे मदतीला येणारे लांडग्यांचे आत्मे, बोलवायला लाज वाटून घेऊ नकोस. गेमने दिलीय ती वापरायलाच दिलीय, आणि तुझ्याकडून मार्गिटची नजर हटते ते दोन-चार सेकंद पिण्यासाठी सोन्यासारखे असतात. फक्त सरावाच्या ट्रायला बोलवू नकोस, तेव्हा तो तुझ्याकडेच बघायला हवा.

अजून एक, टीव्हीवर खेळतोयस का मॉनिटरवर ते तू सांगितलं नाहीस. टीव्ही असेल तर सेटिंगमध्ये गेम मोड चालू कर. बंद असला की तू बटण दाबतोस आणि स्क्रीनवर ते जरा उशिरा दिसतं, एरवी कळत नाही पण रोलच्या वेळेला तेवढ्यानेच मार लागतो. झोनवर आमचा एक टीव्ही असा होता, त्या खुर्चीवर बसणारा रोज हरायचा आणि मला वाटायचं पोरं कच्ची आहेत. गेम मोड लावल्यावर तीच पोरं दोन दिवसांत पुढे गेली. त्या पोरांना मी उगाच हळू हात म्हणायचो याचं मला अजून वाईट वाटतं.

सगळीकडे मोजके फ्लास्क हाच एक मार्ग आहे असंही नाही, आणि जमलं तर एक-दोन दुसरे गेम मध्ये खेळ, हात वेगळ्या बाजूने तयार होतो. ब्लडबोर्नमध्ये, २०१५ चा, मार खाल्ल्यावर थोडा वेळ मिळतो, तेवढ्यात तू उलटून मारलंस तर गेलेली हेल्थ काही प्रमाणात परत येते. मागे पळणाऱ्यांना तो गेम पुढे यायला शिकवतो. पण त्यातल्या ब्लड व्हायल, म्हणजे हील करायच्या रक्ताच्या कुप्या, मला पटत नाहीत, एका वेळी २० जवळ ठेवता येतात, पण वापरल्या की गेल्या, साठा संपला की मिळवायला परत रस्त्यावर जाऊन शत्रू मारायचे. म्हणजे बॉसवर अडकलेल्या माणसालाच, ज्याला सरावाची गरज आहे त्यालाच, सराव सोडून मजुरी करायला लागते. फ्लास्क आपोआप भरतो हे किती मोठं सुख आहे ते तिथे कळतं.

हॉलो नाइट २०१७ चा, त्याची पद्धत मला सगळ्यात सुंदर वाटते. तिथे बाटलीच नाही. शत्रूला तीन वार लागले की एक मास्क, म्हणजे हेल्थचा एक खण, भरण्याएवढा सोल (ताकद) जमतो, आणि भरायला जागेवर उभं राहायला लागतं. हील कमवायलाही बॉसजवळ जायचं आणि वापरायलाही फट शोधायची, जे मी वर इतका वेळ सांगतोय ते तो गेम न बोलता करून घेतो. लाइज ऑफ पी मध्ये सगळ्या पल्स सेल, म्हणजे तिथले फ्लास्क, संपल्या की मारत राहून एक परत भरता येते, ती पण चांगली सोय आहे, हातघाईवर आलेल्या माणसाला पळायच्या ऐवजी लढायचं कारण मिळतं. आणि सेकिरो, तिथे सुरुवातीला हीलिंग गोर्डचा, म्हणजे औषधाच्या भोपळ्याचा, एकच घोट, वाढवत वाढवत १०, पण पडक्या देवळाबाहेर हानबेई नावाचा न मरणारा माणूस बसलेला असतो जो तुला पाहिजे तेवढा वेळ सराव देतो. सेकिरो खेळणारे निम्मे लोक त्याला एकदा भेटून विसरून जातात. रोज बसल्यावर पहिली दहा मिनिटं त्याच्यापाशी काढ म्हणून मी किती जणांना सांगितलंय.

वेळेचं पण बोलतो. तीन दिवस अडकलोय म्हणालास, रोज किती तास? पाऊण तासानंतर माणूस शिकत नाही, फक्त चिडतो, आणि चिडलेला अंगठा लवकर दबतो. नोट वाचून बघ, शेवटच्या पाच ट्रायमध्ये ‘लांबची काठी’ परत यायला लागली की समज हात थकलाय, बंद कर. रात्री झोपून सकाळी पहिल्या ट्रायला जे जमतं ते आदल्या रात्री चाळिसाव्या ट्रायला जमत नाही, हे मी स्वतःवर इतक्या वेळा बघितलंय की आता रात्री अकरानंतर बॉसला हातच लावत नाही.

आणि हो, काही मार खरंच अन्यायाचे असतात. भिंतीला पाठ लागून कॅमेरा वेडावाकडा होणं, दोन बॉस एकदम अंगावर येणं, त्यात एकजण पडद्याबाहेर. नोटमध्ये ते पण लिही, ‘कॅमेरा’ असं. दहा ट्रायमध्ये किती वेळा खरंच कॅमेरा होता ते बघ, माझ्या अनुभवात एक किंवा दोन. त्यावर उपाय पण आहे, मार्गिटशी लढताना दोन्ही कडांच्या कठड्यांपासून लांब, मध्यावर राहायचं, तो कडेला रेटायला लागला की त्याच्या बाजूने रोल करून परत मध्यावर.

तर आज रात्री असं कर. अ‍ॅश नाही, फ्लास्क स्लॉटमध्ये नाहीत, पाच ट्राय, नुसतं जगायचं. उद्या फ्लास्क आत, दहा ट्राय, प्रत्येक फ्लास्कला एक ओळ, आणि ती यादी मला पाठव, कुठला मार, डाव्या बाजूने आला का उजव्या, आणि तेव्हा तुझा अंगठा कुठल्या बटणावर होता ते सगळं लिहून.